पहिल्या आठवड्याचा उतारा

प्रो कबड्डीचा मोसम सुरू झाला की आमच्या सांगली-साताऱ्यात एक जोडधंदा तेजीत येतो. निकाल लावण्याचा. सामन्याचा निकाल नव्हे, तो पंच लावतात. माणसांचा निकाल. पहिल्या आठवड्यात प्रत्येक संघाचे दोन-तीन सामने झालेले असतात. तेवढ्यात एस. टी. स्टँडच्या कँटीनपासून सलूनच्या बाकड्यापर्यंत सगळीकडे यादी तयार होते. कोण संपला, कोण विकला गेलाय, कुणाला उगाच घेतलं, कोणता कोच घरी पाठवायला पाहिजे, आणि 'आपल्या' पोरांना पुण्या-मुंबईचे संघ मुद्दाम कसे बसवून ठेवतात वगैरे वगैरे. दुसरा आठवडा संपेपर्यंत ही यादी पूर्ण उलटी झालेली असते. पण आधीची यादी करणारा माणूस त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. तो नवीन यादी त्याच आवाजात वाचतो.

मंडळी, प्रेक्षकांनी गप्प बसावं असं मी म्हणणार नाही. कबड्डी हा आरडाओरड्याचा खेळ आहे आणि गप्प बसून बघायचा असेल तर बुद्धिबळ आहेच की. माझं भांडण वेगळं आहे. मोसमाच्या सुरुवातीला आपण जे बोलतो ते निव्वळ चुकतं एवढंच असतं तर मी हा लेख लिहायच्या भानगडीत पडलो नसतो. त्या बोलण्याची किंमत कुणीतरी भरतं, आणि ती भरणारा बहुतेक वेळा आपल्याच गावचा एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा असतो. म्हणून हे लिहितोय.

आधी 'चुकतं' म्हणजे काय ते बघू. फार मागे जायला नको. २०२४ सालचा अकरावा मोसम घ्या. पुणेरी पलटण आदल्या वर्षीचा विजेता. पहिल्या सामन्यात पलटणने हरियाणा स्टीलर्सला ३५-२५ असं धुतलं. लगेच दुसऱ्या सामन्यात पटना पायरेट्सला ४०-२५. झालं! इकडे चषक पुण्यात आल्यासारखेच सगळे वागायला लागले. पटना म्हणजे पोरांचा भरणा, हरियाणाला चढाईच नाही, असे निकाल लागले. आणि शेवटी काय झालं? २९ डिसेंबर २०२४ ला अंतिम सामना झाला, तोही पुण्यात, बालेवाडीला. समोरासमोर कोण? हेच दोन संघ! हरियाणाने पटनाला ३२-२३ ने हरवलं आणि पहिल्यांदा विजेतेपद नेलं. पुणेरी पलटण पहिल्या सहातसुद्धा नव्हती. कर्णधार अस्लम इनामदार दुखापतीने मध्येच बाहेर गेला आणि संघाची घडी विस्कटली ती विस्कटलीच.

म्हणजे पहिल्या आठवड्याच्या निकालावरून ज्या दोघांना आपण घरी पाठवलं होतं, तेच दोघे आपल्या घरी येऊन फायनल खेळून गेले. याहून चांगली थप्पड दुसरी कुठली असेल?

अजून एक. २०२२ सालचा नववा मोसम. तमिळ थलैवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाख मोजून घेतलं. तोपर्यंतची ती लिलावातली सर्वांत मोठी रक्कम होती. पहिल्याच सामन्यात पवनचा गुडघा गेला आणि तो मोसमभर मॅटवर आला नाही. थलैवाजचा हंगाम तिथेच संपला असं कुणीही म्हटलं असतं, आणि म्हटलंच. पण नरेंदर नावाचा एक अगदी नवा मुलगा उभा राहिला, त्याने दोनशेच्या वर चढाई-गुण मिळवले. आपला अजिंक्य पवार त्याच्या जोडीला होता. आणि ज्या संघाला तोपर्यंत कधी प्ले-ऑफ दिसली नव्हती तो थेट उपांत्य फेरीत गेला. तिथे त्यांना हरवलं कुणी? पुणेरी पलटणने, ज्यांची त्या मोसमाची सुरुवात बरोबरीने झाली होती.

आणि अगदी अलीकडचं, २०२५ चा बारावा मोसम. पटना पायरेट्स बराच काळ तळाला होते. शेवटच्या टप्प्यात ओळीने जिंकत ते प्ले-ऑफमध्ये घुसले आणि तिथेही त्यांनी भल्याभल्यांना घाम फोडला.

हे अपवाद नाहीत. या खेळाची रचनाच अशी आहे की सुरुवातीचे आकडे खोटं बोलतात. का, ते जरा नीट बघू. कारण इथेच आपल्याकडचे स्वतःला जाणकार म्हणवणारे सगळ्यात जास्त घसरतात.

पहिली गोष्ट. चढाईपटू बाद झाला की तो बाहेर जाऊन बसतो. त्याच्या संघाने समोरचा गडी बाद केला तरच तो परत येतो. आता समजा तुमचा चढाईपटू पाचव्या मिनिटाला पकडला गेला आणि तुमच्या बचावफळीला पुढची सहा-सात मिनिटं एकही पकड जमली नाही. तो पोरगा सहा-सात मिनिटं बाकावर. सामना चाळीस मिनिटांचा. असं दोनदा झालं की त्याचा तीस-पस्तीस टक्के सामना बसण्यातच गेला. दुसऱ्या दिवशी आपण आकडा बघतो, 'तीन गुण', आणि म्हणतो, गडी संपला. संपलेला गडी नव्हता, कच्चा राहिलेला कोपरा होता! पण कोपरारक्षकाच्या नावाने शिमगा करायला आपल्याला त्याचं नाव माहीत असावं लागतं.

दुसरी गोष्ट, तिसरी चढाई. ओळीने दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण आणावाच लागतो, नाहीतर बाद. समोरच्या सात जणांना हे ठाऊक असतं. ते निवांत उभे असतात, घाई फक्त त्या एकट्याला असते. बरेच संघ ही चढाई नव्या पोरांवर टाकतात, कारण मुख्य चढाईपटू बाहेर बसलेला परवडत नाही. म्हणजे संघातलं सगळ्यात अवघड काम सगळ्यात नवख्याला. मग त्याचे आकडे वाईट दिसणारच. दहा तिसऱ्या चढायांत चार गुण आणणारा पोरगा माझ्या मते कामाचा आहे. पण टीव्हीवर तो 'अपयशी चढायांची संख्या सहा' असा दिसतो.

तिसरी गोष्ट, साखळी. बचाव एकट्याचा नसतो. कोपऱ्याने घोटा धरला तर मध्यरक्षकाने किती वेळात अंगावर यायचं, साखळीतल्या दोघांनी हात कधी सोडायचा, कुणी आधी पाऊल टाकायचं, हे सांगून येत नाही. सवयीने येतं. आणि लिलाव झाला की निम्मी-अर्धी सवय मोडते. डावा कोपरा जयपूरचा, उजवा मध्यरक्षक बंगालचा, तिसरा तामिळनाडूच्या खेड्यातून पहिल्यांदा आलेला. त्यांची भाषासुद्धा एक नाही. शिबिरात त्यांना ती सवय लागायला सुरुवात होते, पुरी होते ती सामन्यांतच. पहिल्या आठवड्यात साखळी तुटलेली दिसली तर त्यात बातमी काय आहे?

आपल्या भागातल्या माणसाला हे कळायला खरं तर काहीच अडचण नाही. आपण उसाची माणसं. गळीत हंगाम सुरू होतो तेव्हा पहिल्या दिवसांत उतारा कमीच असतो. ऊस अजून पुरता पिकलेला नसतो, थंडी पडलेली नसते. डिसेंबर-जानेवारीत थंडी लागली की तोच ऊस, तोच कारखाना, तोच चीफ केमिस्ट, आणि उतारा चढतो. मोळी टाकल्यावर आठव्या दिवशी कमी उतारा बघून 'कारखाना बंद करा, केमिस्टला हाकला' असं ओरडणारा सभासद मी अजून बघितलेला नाही. वाळव्यापासून कराडपर्यंत शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. मग हीच शहाणी माणसं कबड्डी लागली की इतकी उतावीळ का होतात?

आता यावर ठरलेलं उत्तर येतं. "पहिल्या आठवड्याचे गुण काय खोटे असतात का? तक्त्यात तेवढेच मोजतात ना?" बरोबर आहे. मोजतात. ऑगस्टमध्ये हरलेला सामना आणि ऑक्टोबरमध्ये हरलेला सामना तक्त्यात सारखाच. २०२५ पासून तर साखळीत प्रत्येक संघाला अठराच सामने आहेत, पूर्वी बावीस असायचे. त्यामुळे सुरुवातीचे पराभव आता जास्त बोचतात हेही मान्य. पण गुण मोजणं वेगळं आणि माणूस मोजणं वेगळं. तीन पराभवांनी संघाचे गुण जातात. त्या तीन पराभवांवरून एखाद्या पोराला खेळता येत नाही हे सिद्ध होत नाही.

दुसरं उत्तर जरा अवघड आहे आणि ते टाळून चालणार नाही. काही जण म्हणतात, "प्रेक्षक ओरडले नसते तर जुने खोंड जागा सोडतात होय? २०२१-२२ च्या आठव्या मोसमात पुणेरी पलटणने राहुल चौधरी, नितीन तोमर असली मोठी नावं घेऊन सुरुवात केली होती. जमेना, म्हणून तर अस्लम आणि मोहित गोयत पुढे आले." घटना खरी आहे. पण पुढचं अर्धं वाक्य हे लोक गिळतात. अस्लम आणि मोहितला एका सामन्यात आत-बाहेर केलं नाही. त्यांना ओळीने सामने दिले. त्या वर्षी चषक मिळाला नाही. पुढच्या वर्षी फायनल हरले. तरी संघ मोडला नाही. तेव्हा १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये पुणेरी पलटण हरियाणाला २८-२५ ने हरवून पहिल्यांदा विजेती झाली, कर्णधार अस्लम. आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातला. तीन मोसम लागले! उतावीळपणाने फार तर जागा रिकामी केली असेल. तिथे अस्लम उभा केला तो धीराने.

आता मुद्द्याच्या गाभ्याशी येतो. टीव्हीवरच्या कोट्यधीश खेळाडूला आपल्या बडबडीने काही होत नाही. त्याचा करार झालेला असतो. पण ही सवय टीव्हीपाशी थांबत नाही. ती आपल्या मैदानावर उतरली आहे, आणि तिथे तिने नासधूस चालवली आहे.

दिवाळीनंतर जमीन वाळली की आपल्याकडे गावोगाव कबड्डीचे सामने लागतात. सांगलीचं तरुण भारत स्टेडियम, साताऱ्याचं शाहू स्टेडियम, कराड, इस्लामपूर (आता ईश्वरपूर म्हणायचं), आणि यात्रा-उरुसाच्या निमित्ताने कितीतरी वाड्या-वस्त्या. किलोचे गट असतात, खुला गट असतो. मुरूम-मातीचं मैदान, चुन्याच्या रेषा, चार खांबांवर फोकस, आणि रात्री अकरा वाजता घोंगडी-शाली घेऊन बसलेली माणसं. ही आपली खालची लीग. वरच्या लीगला माल पुरवते ती हीच. सांगलीचा नितीन मदने इथूनच गेला आणि २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. कासेगावचा काशिलिंग आडके इथूनच गेला. २०१५ च्या दुसऱ्या मोसमात चढाईचे सर्वांत जास्त गुण त्याचे होते, आणि मजा म्हणजे त्याचा दबंग दिल्ली संघ तेव्हा उपांत्य फेरीतही नव्हता. संघाचा तक्ता बघून खेळाडू मोजणाऱ्यांनी हे एक उदाहरण पाठ करून ठेवावं.

गेल्या काही वर्षांत या खालच्या लीगमध्ये काय झालंय? बक्षिसं वाढली. चांगलं झालं. पण बक्षिसाबरोबर उतावीळपणा आला. गावाला पहिल्याच रात्री जिंकायचं असतं. मग मंडळं बाहेरून गडी आणतात. रात्रीचे पैसे ठरवून, गाडीचं भाडं देऊन. टीव्हीवर एकदा दिसलेला गडी असला तर विचारूच नका. सात जणांत चार पाहुणे. आणि ज्या पोरांनी पावसाळाभर तालमीच्या मागच्या गळक्या शेडमध्ये घाम गाळला ती पाणी द्यायला.

मागच्या हिवाळ्यात वाळवा तालुक्यातल्या एका गावात मी सामने बघत होतो. गावचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण सगळीकडे हेच आहे. यजमान संघात गावचे दोनच मुलगे. त्यातला एक अठरा-एकोणीसचा असेल, डाव्या बाजूने चढाई करणारा. पहिली चढाई रिकामी. दुसरीला मध्यरक्षकाने कंबर धरून बाहेर टाकला. लगेच कडेने आवाज सुरू. "ए, बाहेर काढा त्याला!" "कुणाचा रं पोरगा हा?" आयोजकांपैकी एकाने हात केला, आणि पोरगा मध्यंतराआधीच बसला. त्याच्या जागी पाहुणा आला. पाहुण्याच्याही पहिल्या दोन चढाया रिकाम्याच गेल्या, पण कुणी ओरडलं नाही. त्याचे पैसे दिले होते ना! माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षक बसले होते. ते एवढंच म्हणाले, "मास्तरकीत आम्ही पोराला दोन चाचण्यांवर नापास करत नव्हतो हो. वार्षिक परीक्षा असायची."

त्या पोराचं पुढे काय झालं मला माहीत नाही. पण अशा पोरांचं साधारण काय होतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. एक-दोन वर्षं हिंडतात, मग भरतीच्या अकॅडमीत जातात, किंवा पिकअप चालवायला लागतात. त्यात वाईट काही नाही. पण हे त्यांच्या खेळाने ठरवलं असतं तर मला दुःख नव्हतं. ते दोन चढायांनी ठरवलं, आणि कडेला बसलेल्या आपल्यासारख्यांनी ठरवलं.

आणि मग आपणच विचारतो, 'आपल्या संघांत हरियाणाची पोरं का?' हरियाणाच्या पोरांबद्दल माझी काही तक्रार नाही. ती मेहनतीने येतात. पण हा प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला कधी मिळेल? आपण आपल्या पोराला त्याची तिसरी, दहावी, पन्नासावी चढाई करू दिली तर. घरच्या पोराला दोन चढायांत बसवायचं आणि लिलावाच्या दिवशी महाराष्ट्रावर अन्याय झाला म्हणून गळे काढायचे, हा दुटप्पीपणा आहे. त्याला दुसरा शब्द नाही.

मुलींबद्दल तर काय बोलायचं. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत शाळा-कॉलेजच्या मुली चांगली कबड्डी खेळतात. २०१६ मध्ये प्रो कबड्डीने तीन संघांची महिलांची छोटी स्पर्धा करून बघितली, पुढे ती चाललीच नाही. पुरुषांच्या लीगच्या तोडीची महिलांची लीग अजून उभी राहिलेली नाही. मुलांना निदान शिव्या खायला तरी मोठं मैदान आहे. मुलींना तेवढंही नाही. आणि त्याबद्दल मोसमाच्या पहिल्या आठवड्यात बाकड्यावर कुणी एक वाक्य बोलत नाही.

तर माझं म्हणणं असं. टीका करा, पण दिसतं त्यावर करा. पहिल्या आठवड्यातसुद्धा बघण्यासारखं पुष्कळ असतं. साखळी वेळेवर मिटते का? सहा-सात जण उभे असताना चढाईपटू बोनस घेतो का नुसताच मध्यरेषेजवळ वेळ काढतो? आघाडी असताना संघ तीस सेकंद शहाणपणाने घालवतो का? समोर लोण चढायची वेळ आली की घाबरतो का? तीनच गडी उरले असताना सुपर टॅकलसाठी उभे राहतात का नुसते मागे सरकतात? यावर तासभर भांडा, मी चहा पाजतो. पण 'हा संपला', 'हा विकला', 'ह्याला घरी पाठवा' हे निकाल बंद. निदान प्रत्येक संघ इतर अकरांशी एकदा खेळेपर्यंत तरी बंद.

आणि गावच्या मंडळांना एक विनंती, खरं तर मागणीच. पाहुणे आणायचे तर आणा. पण सातांत निदान चार गडी आपल्या तालुक्याचे असलेच पाहिजेत असा नियम स्पर्धेच्या पत्रकावर छापा. आणि त्यांना अख्खा सामना द्या. पहिल्या वर्षी हराल. दुसऱ्या वर्षी कदाचित हराल. त्यामुळे वर्गणी कमी झाली तर ती आम्हा प्रेक्षकांची लाज असेल, तुमची नाही.

लोक म्हणतात की कबड्डी दमाचा खेळ आहे. एक दम धरायचा आणि तो न सोडता परत यायचं. मैदानातला पोरगा तो तीस सेकंद धरतो. कडेला बसलेल्यांना एक आठवडा धरवत नाही. आता सांगा, बाहेर कुणाला काढायला पाहिजे?